संस्थेचा ईमेल कोणाच्या मोबाइलवर उघडतो?

मुलींचं एक वसतिगृह आणि त्याला जोडून एक अभ्यासिका, एवढाच आमच्या संस्थेचा पसारा. तालुक्याचं गाव, नऊ विश्वस्त, एक पगारी लेखनिक आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" म्हणून पकडून आणलेली मी. एका मे महिन्याच्या शेवटी आयकराच्या पोर्टलवर देणग्यांचं विवरण भरायचं होतं. पासवर्ड कोणालाच आठवेना. "पासवर्ड विसरलात?" वर टिचकी मारली, तर ओटीपी गेला जुन्या सचिवांच्या नंबरवर. सचिवकाका दोन वर्षांपूर्वी मुलाकडे बंगळुरूला गेलेले, सिम तेव्हाच बंद केलेलं. नंबर लावून पाहिला. नागपूरकडच्या एका ट्रकड्रायव्हरने उचलला. कंपनीने तो नंबर फिरवून त्याला दिला होता. ओटीपी त्याच्याकडे आला होता, पण कोणालाही ओटीपी सांगायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने सांगितला नाही, आणि बरोबरच केलं.

शेवटी सीएंनी अध्यक्षांच्या डिजिटल सहीने पासवर्ड बदलून घेतला. त्यात चार दिवस उशीर झाला, दिवसाला २०० रुपयांप्रमाणे ८०० रुपये भरावे लागले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की, गोदरेजच्या कपाटाच्या दोन किल्ल्या कोणाकडे आहेत याची नोंद आमच्या इतिवृत्तात १९९० सालापासून आहे आणि ईमेलची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र कोणीच कधी लिहून ठेवलं नव्हतं.

नव्याने संस्थेचं काम हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कोणतं ॲप चांगलं, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी किल्ल्या.

पहिला रविवार: वही घ्या

खरोखरची कागदाची वही घ्या. त्यात एकेका ओळीत लिहा: आयकर पोर्टल, नीती आयोगाचं एनजीओ दर्पण (संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल), धर्मादाय आयुक्तांचं संकेतस्थळ, बँकेचं नेट बँकिंग, फेसबुक पेज, यूट्यूब, वेबसाइटचं डोमेन (म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता). प्रत्येकासमोर दोन गोष्टी: कोणता ईमेल दिलेला आहे आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. पासवर्ड वहीत लिहू नका, फक्त एवढंच. आमच्या वहीत सात ओळींसमोर पाच वेगवेगळे मोबाइल निघाले. त्यातला एक माजी खजिनदारांच्या भाच्याचा. त्याने फेसबुक पेज काढून दिलं होतं, पुढे तो नोकरीला लागला आणि विसरून गेला.

मग संस्थेच्या नावाने एक सिम घ्या. ते ऑफिसातल्या साध्या फोनमध्ये घाला आणि रिचार्जची तारीख वीजबिलाशेजारी भिंतीवर लावा. रिचार्जशिवाय पडून राहिलेला नंबर जातो, आणि गेलेला नंबर कोणाच्या खिशात पोचतो ते वर आलंच आहे. वहीतली एकेक ओळ या नंबरवर आणि संस्थेच्या एका ईमेलवर वळवत जा. एका दिवसात होणार नाही. बँकेला ठराव लागेल, दर्पणवर विश्वस्तांची माहिती अद्ययावत करावी लागेल. दोन महिने लागले तरी हरकत नाही.

संस्थेचं साधं जीमेल असेल तर आजच दोन कामं करा. एक, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा. तिथेच दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येकी आठ आकडी. ते छापून पाकिटात घाला, पाकीट बंद करा आणि त्या कपाटात ठेवा. फोन हरवला, सिम गेलं तरी यातला एक कोड दार उघडतो. दोन, संस्थेचं एखादं जुनं जीमेल खातं नुसतं पडून असेल तर त्यात जाऊन या. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं. त्यातले फोटो आणि पत्रंही जातात.

स्वतःचं डोमेन

शक्य असेल तर संस्थेच्या नावाचं डोमेन घ्या. संस्थांना शोभेसं "डॉट ओआरजी डॉट इन" मिळतं, खर्च साधारण वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर. इथे एकच गोष्ट सांभाळायची: डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्यायचं. वेबसाइट करून देणारा मुलगा "मी घेतो ना, काकू" म्हणतो आणि त्याच्या खात्यात घेतो. मनात वाईट काही नसतं. पण तीन वर्षांनी तो फोन उचलत नाही, डोमेनची मुदत संपते आणि संस्थेच्या पत्त्यावर भलत्याच कोणाची जाहिरात दिसू लागते.

डोमेन हाती आलं की गूगल फॉर नॉनप्रॉफिट्सकडे अर्ज करा. नोंदणीकृत संस्थांना गूगल वर्कस्पेस (स्वतःच्या डोमेनवरचे ईमेल, ड्राइव्ह वगैरे) फुकट मिळतं. शाळा, रुग्णालयं आणि सरकारी संस्था यात बसत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन स्कॅन करून ठेवा. संस्थेचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरन् अक्षर एकसारखं आहे का, ते आधी तपासा. "मंडळ" एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर भलत्याच स्पेलिंगने असेल, तर पडताळणी तिथेच अडते. कॅनव्हाचीही पूर्ण आवृत्ती संस्थांना मोफत आहे. पत्रकं, फलक करणाऱ्यांनी तो अर्ज त्याच दिवशी करावा.

आता पत्ते काढायचे ते पदांच्या नावाने: सचिव, खजिनदार, देणगी, संपर्क. माणसांच्या नावाने नाही. सचिव बदलले की फक्त पासवर्ड बदलायचा, पत्ता आणि आतली दहा वर्षांची पत्रं जागेवर राहतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, हे आपल्याला पाठ असतं. त्याच सभेत, त्याच ठरावाखाली आणखी एक ओळ घाला: "ईमेल, पोर्टल व समाजमाध्यमांची खाती नवीन सचिवांकडे सुपूर्द केली." कार्यभाराच्या यादीत कपाट, शिक्के, लेटरहेड आणि ही खाती एकाखाली एक.

दात्यांची यादी

तुमच्या संस्थेची खरी पुंजी ही यादी. ती सध्या कुठे आहे? पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत, खजिनदारांच्या डायरीत, कोणाच्या तरी फोनमध्ये "देशपांडे सर देणगीवाले" या नावाने आणि एका एक्सेल फाइलमध्ये, जिचं नाव "यादी फायनल नवीन २" असं आहे.

गूगल शीट पुरे. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची घाई करू नका. पाचशे दात्यांपर्यंत मला तरी त्याची गरज वाटलेली नाही. दोन पानं करा. पहिल्या पानावर एका माणसाची एक ओळ: नाव पॅनवर आहे तसं इंग्रजीत, शेजारी मराठीत, मोबाइल, ईमेल, पॅन, पत्ता आणि "कोणामुळे आले". दुसऱ्या पानावर एका देणगीची एक ओळ: पावती क्रमांक, तारीख, रक्कम, रोख की चेक की ऑनलाइन, कायम निधीला की सर्वसाधारण कामाला. एकाच ओळीत माणूस आणि त्याच्या सगळ्या देणग्या कोंबल्या की मे महिन्यात रडायची वेळ येते.

"कोणामुळे आले" हा रकाना लोकांना फालतू वाटतो. माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. आपल्याकडे देणगी क्वचितच संस्थेला मिळते. ती मिळते मावशीच्या शब्दाला, शाळेतल्या वर्गमित्राला, एकेकाळी शिकवलेल्या बाईंना. त्या बाईंचा वाढदिवस कधी असतो हे माहीत असलेली संस्था कमी मेहनतीत जास्त देणग्या गोळा करते.

शीट उघडल्याबरोबर सेटिंग्जमध्ये जाऊन देश भारत निवडा. नाही तर ३/४ असं टाकलेलं ३ एप्रिल शीट अमेरिकन पद्धतीने ४ मार्च धरून बसते आणि देणगी आपोआप मागच्या आर्थिक वर्षात जाते. आमच्या अकरा पावत्या अशा गेल्या होत्या, लेखापरीक्षकांनी पकडल्या. पॅन टाकताना एक सोपी तपासणी करता येते. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर पी असेल तर ती व्यक्ती, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, सी असेल तर कंपनी, टी असेल तर न्यास. दात्याने स्वतःच्या नावाची पावती मागितली आणि पॅनचं चौथं अक्षर एच निघालं, तर तेव्हाच फोन करा.

पावती आणि मे महिना

तुमच्याकडे ८०जी (दात्याला देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसती पावती पुरत नाही. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण नमुना १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायचं, मग पोर्टलवरून प्रत्येक दात्याचं १०बीई प्रमाणपत्र उतरवून त्याला पाठवायचं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमं आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. चालू वर्षाचे क्रमांक सीएंकडून लिहून घ्या, काम मात्र तेच आहे. आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी घेतलीत तर दात्याला वजावट मिळत नाही. हे त्याला नोट हातात घेण्याआधी सांगा.

एक आगाऊ सल्ला: देणगीचं आवाहन लिहिताना ८०जीवर फार भर देऊ नका. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना या वजावटीचा उपयोगच नाही, आणि न निवडता आपोआप लागू होते ती आता नवीच.

पत्र पाठवणं

आता ईमेल. सगळ्यांत जुनी आणि अजूनही रोज घडणारी चूक म्हणजे दीडशे दात्यांचे पत्ते उघडपणे "टू"च्या रकान्यात टाकणं. आमच्याकडूनही एकदा झालं. त्यावर एका गृहस्थांनी "रिप्लाय ऑल" करून स्वतःच्या विमा योजनेची माहिती सगळ्यांना पाठवली. थोड्या लोकांना पाठवायचं असेल तर पत्ते बीसीसीमध्ये टाका, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जातं, पण त्याच्या जवळपासही जाऊ नका. यादी दोनशेच्या पुढे गेली की थोक ईमेलची सेवा घ्या. ब्रेव्होसारख्या सेवेत दिवसाला ३०० पत्रं फुकट जातात, छोट्या संस्थेला तेवढी बास.

अशी सेवा वापरताना पाठवणारा म्हणून जीमेलचा पत्ता देऊ नका, डोमेनचा द्या. जीमेलचं नाव लावून बाहेरून आलेलं पत्र बनावट समजलं जातं आणि स्पॅममध्ये पडतं. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तीन नोंदी कराव्या लागतात. पत्र खरंच तुमच्याकडून आलं आहे, याची ती ओळखपत्रं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. थोक पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करायची सोयही द्यावी लागते. या नोंदी स्वतः करायला घाबरू नका. सेवेच्या पानावरची ओळ उचलायची आणि डोमेनच्या पानावर चिकटवायची, एवढंच असतं. नाव कमी करा म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी कमी करा, कारण विचारू नका.

मराठीचं एक खास दुखणं. संस्थेतल्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यातला मजकूर उचलून ईमेलमध्ये टाकला की समोरच्याला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. लिहायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसतं. टायपिंग येत नसेल तर मोबाइलवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या माइकवर बोला. आमच्या सत्तरीच्या अध्यक्षा पूर्ण पत्र बोलून लिहितात. फक्त "वसतिगृह" दर वेळी तपासावं लागतं.

आणि लेटरहेडवरचं स्कॅन केलेलं पत्र जोडून "सोबतचे पत्र पाहावे" एवढंच लिहू नका. मोबाइलवर ते कोणी उघडत नाही. जे सांगायचं ते ईमेलमध्येच लिहा. पूर्वी आम्ही असं पाठवायचो:

"सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या संस्थेच्या विविध उपक्रमांना आपले बहुमोल सहकार्य लाभत असते. तरी यंदाही आपण भरघोस मदत करावी ही नम्र विनंती."

आता असं:

"ताई, जूनमध्ये तुम्ही दिलेल्या ५,००० रुपयांतून अभ्यासिकेत दोन टेबलं आली. खिडकीशेजारचं टेबल मिळावं म्हणून बारावीच्या मुली पहाटे साडेपाचला दार वाजवतात. फोटो जोडला आहे. आता पंखा हवा आहे, पण तो मार्चमध्ये सांगेन."

दुसऱ्या पत्राला उत्तरं येतात. एका दात्याने पंखा मार्चच्या आधीच पाठवला. विषयाच्या ओळीतही "मासिक अहवाल" नको, "खिडकीशेजारचं टेबल" लिहा. देणगी आल्यापासून दोन दिवसांत आभाराचं पत्र, दिवाळीच्या आधी एक खबरबात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मागणं आणि मेअखेरपर्यंत प्रमाणपत्र. वर्षाला एवढी पत्रं वेळेवर गेली तरी पुष्कळ.

व्हॉट्सॲप

गावातले निम्मे दाते ईमेल वाचतच नाहीत, हेही खरं. त्यांच्यासाठी संस्थेच्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. फुकट आहे, आणि नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात: खाते क्रमांक, पत्ता, पावतीसाठी काय माहिती लागते. दात्यांचा ग्रुप करू नका. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि तिसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट यादी करा, त्यात एकच संदेश प्रत्येकाला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पावती देतानाच म्हणायचं, "काका, हा संस्थेचा नंबर सेव्ह करता का? थांबते मी." आणि खरंच थांबायचं.

कार्यकारिणीचा ग्रुप वेगळा. तिथे ठरलेलं काहीही त्याच दिवशी वहीत किंवा ईमेलवर उतरवा. ठराव व्हॉट्सॲपवर शोधत बसणं म्हणजे लग्नाच्या मांडवात चप्पल शोधणं.

पैसे ऑनलाइन घेताना

क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. उत्सवाच्या गर्दीत "आत्ता माझ्यावर घ्या, मग मी भरतो" म्हणून खजिनदारांचा वैयक्तिक क्यूआर चिकटवला जातो. खजिनदार कितीही सज्जन असोत, ते पैसे त्यांच्या उत्पन्नात दिसतात आणि हिशेबात तुम्ही खुलासे देत बसता. छापलेला क्यूआर महिन्यातून एकदा स्वतः स्कॅन करून एक रुपया पाठवून पाहा. वर कोणी दुसरा कागद चिकटवला तर नाही ना, हे तेवढ्यानेच कळतं.

परदेशातून येणाऱ्या पैशांचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या गावची मुलं न्यू जर्सीला, लंडनला आहेत, आणि त्यांना गावाची आठवण येते ती नेमकी गणपतीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाने दिलेले पैसे परकीय देणगी ठरतात, मग ते रुपयांत आणि भारतातल्या खात्यातून आले तरी. त्यासाठी एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याची) परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने तिकडून आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय धरत नाहीत. म्हणून देणगीच्या गूगल फॉर्ममध्ये पहिला प्रश्न हाच ठेवा: "आपलं नागरिकत्व कोणतं?" लोकांना ते उद्धट वाटेल असं मला वाटायचं. आजवर कोणी रागावलेलं नाही.

फोटो, आधार आणि मुली

लाभार्थींच्या आधारच्या प्रती व्हॉट्सॲपवर फिरवू नका. लागत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मागा. शीट आणि ड्राइव्हच्या फोल्डरवर "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय कुठे चालू आहे का ते तिमाहीला एकदा बघा, आणि काम सोडून गेलेल्यांची नावं काढून टाका. आधार, पत्ते, आजारपण अशी माहिती जेवढी कमी साठवाल तेवढी जोखीम कमी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते.

मुलींच्या फोटोंबाबत आमचा नियम साधा आहे: चेहरे दिसणारे फोटो बाहेर जात नाहीत. अत्याचारातून आलेल्या किंवा बालकल्याण समितीमार्फत आलेल्या मुलांची ओळख उघड करणं तर कायद्याने गुन्हाच आहे. टेबलाचा तो फोटो पाठीमागून काढलेला होता: दोन वेण्या, उघडी वही आणि खिडकीतला उजेड. पंखा त्याच फोटोवर मिळाला.

आमची जुनी पावतीपुस्तकं अजून संपलेली नाहीत. त्यांवर सचिवकाकांचा नंबर छापलेला आहे. लेखनिक प्रत्येक पावतीवर तो पेनाने खोडते आणि शेजारी नवा लिहिते, पण कधी राहून जातं. मागच्या दिवाळीत नागपूरहून फोन आला: "ताई, तुमच्याकडे तांदूळ द्यायचे म्हणत होत्या एक बाई. तुमचा नंबर दिलाय त्यांना."